लॉनला खत टाकायला स्प्रेडर कोणता घ्यावा?

घर ५ : मंडळी, मागच्या अंगणात ८ बाय ५ मीटरचं लॉन आहे. हाताने खत टाकलं की कुठे गर्द हिरवं, कुठे पिवळं. चाकांचा मोठा स्प्रेडर घेऊ का? एकदाच घ्यायचा तर चांगला घ्यावा म्हणते.

घर ११ : ताई, मोठा मुळीच नको. युरियात ४६ टक्के नत्र असतं. चौरस मीटरला ५ ग्रॅम युरिया धरलात तर तुमच्या अख्ख्या ४० चौरस मीटरला २०० ग्रॅम पुरतो. तेवढ्याने मोठ्या टाकीचा तळही झाकणार नाही, आणि झडप जरा जास्त उघडी राहिली तर पहिल्या दोन फेऱ्यांतच खत संपेल. लॉनच्या कडेला काय आहे?

घर ५ : एकीकडे गुलाबाचे वाफे, बाकी फरशी.

घर ११ : मग छोटा ड्रॉप स्प्रेडर बघा. चकतीवाला दाणे दूरवर फेकतो. मोकळ्या मैदानाला तो छान, पण तुमच्याकडे बरेचसे वाफ्यात नि फरशीवर जातील, तिथून पावसाने गटारात. ड्रॉपमध्ये दाणे दोन चाकांच्या मधेच सरळ खाली पडतात. फक्त दोन पट्ट्यांमध्ये फट राहिली तर पुढे तिथे पिवळी रेघ उमटते. म्हणून चाकाची खूण धरून चालायचं, आणि खत निम्मं-निम्मं करून एकदा उभं, एकदा आडवं टाकायचं.

घर ८ : आमचं लॉन वेडंवाकडं, मधे दोन झाडं. तिथे चाकं वळतच नाहीत. मी हातात धरून दांडा फिरवायचा छोटा वापरते. कडेला पुठ्ठा उभा करते. वारा असला की काम दुसऱ्या दिवशी.

घर २ : यातून गांडूळखत टाकता येईल?

घर ११ : नाही हो काका, ते ओलसर असतं, भोकांत अडकतं. चाळून हातानेच पसरा.

घर ५ : आणि झडप कितीवर ठेवायची?

घर ११ : पिशवीवरच्या आकड्यावर विसंबू नका. फरशीवर प्लास्टिक अंथरा, त्यावरून स्प्रेडर चालवा आणि पडलेलं खत काट्यावर मोजा. रुंदी अर्धा मीटर असेल तर ४ मीटर चालल्यावर २ चौरस मीटर होतात. निम्म्या मात्रेने तेवढ्यात ५ ग्रॅम युरिया पडायला हवा. इतकं बारीक जमत नसेल तर कमी नत्राचं, सावकाश विरघळणारं दाणेदार खत घ्या. ते जास्त वजनाने टाकायचं असतं, त्यामुळे यंत्रालाही सोपं जातं.

अजून एक, टाकी कधीही लॉनवर उभं राहून भरू नका. पहिल्याच वर्षी माझी झडप उघडी राहिली आणि ओंजळभर दाणे गवतात सांडले. वेचता आले तेवढे वेचले, वरून पाणी मारलं, तरी चार दिवसांत ताटाएवढं गोल तपकिरी पडलं. खताचे क्षार मुळांना पाणी घेऊ देत नाहीत, गवत तहानेनेच जळतं. तिथली माती काढून नवीन गवत लावावं लागलं. फार वाईट वाटलं होतं.

घर ५ : बाप रे. मग आधी तुमचाच नेऊन बघू का?

घर ११ : अवश्य न्या. गवताची पानं कोरडी असताना टाका, लगेच भरपूर पाणी द्या. परत देताना धुऊन, पूर्ण वाळवून द्या. उरलेले दाणे ओल धरतात आणि झडप गंजून बसते.