चौथी-पाचवी एकत्र, लॅपटॉप एकच: कोडिंग कुठल्या विषयात बसवायचं?

मलप्रभा_काठ

नमस्कार. बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातली मराठी माध्यमाची सरकारी शाळा. चौथी आणि पाचवी एका खोलीत, मिळून 23 मुलं. विंडोज 10 चा एक लॅपटॉप आणि एक टीव्ही आहे. नेट म्हणजे फोनचं हॉटस्पॉट. पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही. स्क्रॅच (आज्ञांचे ब्लॉक जोडून कोडिंग करायचं सॉफ्टवेअर) ऑफलाइन टाकून घेतलं आहे.

कोडिंगला वेगळा तास मिळणार नाही, आणि मला तो नकोही आहे. गणित, मराठी, कन्नड, परिसर या तासांतच ते यावं, पण त्या विषयाचं काम मागे पडू नये. बाणांची कार्डं जमिनीवर मांडायचा खेळ होतो, मुलांना आवडतो, पण त्यातून गणिताचं नेमकं काय पदरात पडलं ते एफएच्या (आकारिक मूल्यमापनाच्या) नोंदीत लिहिता येत नाही. कुठल्या घटकाला काय जोडायचं आणि मुलं नेमकी कुठे अडतात, हे जाणकारांनी सांगावं.

---

गणित_निपाणी

मॅडम, बाणांचा खेळ टाकून देऊ नका. त्यातल्या दोन चुका गणिताच्याच आहेत, त्यांच्यावर बोट ठेवलं की नोंदीत लिहायला भरपूर मिळतं.

आधी मांडणी. शहाबादी फरशी असेल तर चौकोन आयतेच मिळतात, 5 बाय 5 फरश्या घ्या आणि कडा खडूने ठळक करा. शेणाची किंवा कोब्याची जमीन असेल तर 40 सेंटिमीटरचे चौकोन आखा, त्याहून लहान केले तर पाय रेषेवर पडतो आणि भांडणं सुरू होतात. 23 मुलांचे पाच गट. दर गटाला 12 ‘पुढे’, 4 ‘डावीकडे वळ’, 4 ‘उजवीकडे वळ’, अशी 20 कार्डं. जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा उत्तम. प्रत्येक कार्डाच्या खालच्या कडेला लाल पट्टी ओढा. पट्टी नसली की ‘पुढे’चं कार्ड आडवं पडतं आणि मुलं त्याला ‘उजवीकडे’ म्हणून वाचतात.

पहिली चूक: पहिल्या चौकोनातून पाचव्यात जायला मुलं पाच ‘पुढे’ लावतात. उभे आहेत तो चौकोनही मोजतात. पट्टीवर 1 पासून मोजून पेन्सिल आहे त्याहून एक सेंटिमीटर जास्त लांब सांगणारं मूल हीच चूक करत असतं. म्हणून त्याच दिवशी तुटकी पट्टी द्या, 3 पासून 8 पर्यंतची, आणि लांबी विचारा. नोंद करायची ती याची: घरं मोजतो की उड्या मोजतो.

दुसरी चूक: ‘डावीकडे वळ’ आलं की मूल वळतं आणि एक घर सरकतंही. वळणं म्हणजे जागच्या जागी कोन बदलणं, हे कळल्याशिवाय पाचवीचा कोन कळत नाही. उपाय साधा आहे. ‘यंत्र’ म्हणून मूल उभं करू नका. मूल शेवटचा चौकोन बघतं आणि चुकीची आज्ञाही गुपचूप सुधारून घेतं, मग चूक सापडतच नाही. त्याऐवजी खोकं ठेवा, एका बाजूला कागदाचं नाक चिकटवा. एकाने कार्ड वाचायचं, दुसऱ्याने खोकं हलवायचं. वाचणाऱ्याची पाठ चौकोनांकडे.

हे पक्कं झालं की टीव्हीवर स्क्रॅच. डावीकडे खाली एक्स्टेन्शनचं बटण आहे, तिथून पेन घ्या. सुरुवातीचे चार ब्लॉक दरवेळी हेच: ‘इरेज ऑल’, ‘गो टू’ 0, 0, ‘पॉइंट इन डिरेक्शन’ 90, ‘पेन डाउन’. हे गाळले तर पहिल्यांदा आकृती नीट येते आणि दुसऱ्यांदा वाकडी, कारण मांजर (पडद्यावर आपल्या आज्ञा पाळणारं स्क्रॅचचं चित्र) आधीच्या जागी, आधीच्या तोंडाने उभं असतं. मग ‘रिपीट’ 4, आत ‘मूव्ह’ 60, ‘टर्न’ 90, ‘वेट’ 0.5. ‘वेट’ नसेल तर आकृती डोळ्याची पापणी लवायच्या आत पुरी होते आणि काहीच दिसत नाही.

आता त्रिकोण काढायला सांगा आणि गप्प बसा. ‘रिपीट’ 3, ‘टर्न’ 60 असंच येणार, कारण त्रिकोणाचा कोन 60 हे पाठ आहे. पडद्यावर त्रिकोण येत नाही, षटकोनाच्या तीन बाजू येतात आणि आकृती उघडी राहते. मांजर आतला कोन काढत नाही, ते सरळ जात होतं त्यापासून किती वळलं तेवढं वळतं: 180 मधून 60 गेले, 120. अंगणात खडूचा मोठा त्रिकोण काढून त्याच्या कडेने चालवलं की टोकाशी किती वळावं लागतं ते अंगाला कळतं. मग कोष्टक मुलांकडूनच भरून घ्या: 3 बाजू 120, 4 ला 90, 5 ला 72, 6 ला 60, 8 ला 45. दोन्ही रकान्यांचा गुणाकार करायला सांगा, दरवेळी 360. भागाकाराच्या सरावाचा एक तास इथेच निघतो.

बाजू 60 च ठेवा. 100 ठेवली तर अष्टकोन 241 उंच होतो. पडदा मधल्या बिंदूपासून वर-खाली 180 च आहे, त्यामुळे मांजर कडेला अडतं आणि आकृती चेपते.

---

दोन्ही_भाषा

कन्नडच्या तासाबद्दल सांगते. आपल्या मुलांच्या हातात एक गोष्ट आहे जी एकभाषिक वर्गात मिळत नाही, ती म्हणजे दोन भाषांतली संख्यानामं. मराठीची पाठ करावी लागतात. कन्नडची 20 पासून पुढे नियमाने तयार होतात. नियम कशाला म्हणायचं आणि यादी कशाला, हे शिकवायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही.

कागदावर सुरुवात करा. दशकांच्या आठ चिठ्ठ्या: इप्पत्त, मूवत्त, नलवत्त, ऐवत्त, अरवत्त, एप्पत्त, एंबत्त, तोंबत्त. एककांच्या दहा: शून्यासाठी नुसता ‘ु’, मग ‘ोंदु’, ‘ेरडु’, ‘मूरु’, ‘नाल्कु’, ‘ैदु’, ‘ारु’, ‘ेळु’, ‘ेंटु’, ‘ोंबत्तु’. म्हणजे 18 चिठ्ठ्या, आणि त्यांतून 20 ते 99 अशा 80 संख्या. मूवत्त आणि ैदु, मूवत्तैदु, 35. इप्पत्त आणि मूरु, इप्पत्तमूरु, 23. नलवत्त आणि ु, नलवत्तु, 40. चिठ्ठ्या चिकटवून बघताना मुलांच्या लक्षात येतं की फक्त 3 आणि 4 व्यंजनाने सुरू होतात, म्हणून तिथे ‘त्त’ मधला अ तसाच राहतो, बाकी सगळीकडे स्वर येऊन बसतो. 11 ते 19 मुद्दाम सोडा. हन्नोंदु, हदिमूरु, हत्तोंबत्तु यांना एक नियम लागत नाही, ती यादी.

मग विचारा, मराठीच्या 80 नावांसाठी किती चिठ्ठ्या लागतील? थोडा वेळ मुलं नियम शोधतात. शेवटी 9 असेल तर ‘एकोण’ लावून पुढचं दशक, हा त्यांना सापडतो. तो एकोणतीसपासून एकोणनव्वदपर्यंत सात वेळा बरोबर येतो. 19 ला तो ‘एकोणवीस’ देतो आणि 99 ला ‘एकोणशंभर’. ते दोन अपवाद फळ्यावर वेगळे लिहा. ‘एकोणतीस’ ऐकून 39 लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात, कारण कानाला ‘तीस’ लागतो. तेच मूल ‘इप्पत्तोंबत्तु’ ऐकून 29 बरोबर लिहितं. ही तुलना गणिताच्या वहीतही उपयोगी पडते.

लॅपटॉपवर नेताना स्क्रॅचमध्ये ‘दशक’ आणि ‘एकक’ अशा दोन याद्या करा. उत्तरात आलेली संख्या भागिले 10, त्यावर ‘फ्लोअर’ (दशांश भाग सोडून देतो; ज्या ब्लॉकवर ‘अब्स’ लिहिलंय त्याच्या यादीत आहे), हा दशकाचा अंक. ‘मॉड’ 10, म्हणजे 10 ने भागून उरलेली बाकी, हा एककाचा. स्क्रॅचची यादी 1 पासून सुरू होते, 0 पासून नाही. म्हणून एककाच्या यादीतून ‘एकक अधिक 1’ वा घटक घ्यायचा, आणि दशकाची यादी वीसपासून आहे म्हणून ‘दशक वजा 1’ वा. हे बेरीज-वजाबाकीचं चुकलं की 35 ला ‘नलवत्तनाल्कु’ वगैरे येतं. कुठली यादी एकाने सरकली ते मुलांनाच शोधू द्या. शेवटी दोन्ही तुकडे जोडायला ‘जॉइन’.

यादीत ‘ओंदु’ असा पूर्ण स्वर घातला तर ‘जॉइन’ स्वर जोडून देत नाही, ‘इप्पत्तओंदु’ असं छापतं. म्हणून मात्रेची रूपं.

एक सूचना. चिठ्ठ्या शेवटी कन्नड लिपीत करून घ्या. देवनागरीत एळु मधला दीर्घ ए आणि एंटु मधला ऱ्हस्व ए सारखेच दिसतात, कन्नडमध्ये ती वेगळी अक्षरं आहेत. तशीच सवय लागली तर कन्नडच्या शिक्षकांचा राग रास्त आहे.

---

चिकोडीकर

मराठीसाठी अनेकवचन घ्या. ‘शब्दाच्या शेवटी आ असेल तर ए कर’ एवढाच नियम मुलांना लिहायला द्या: घोडा घोडे, आंबा आंबे, रस्ता रस्ते. सगळे खूश. मग ‘शाळा’ द्या. यंत्र ‘शाळे’ म्हणतं. म्हणजे शेवट बघण्याआधी लिंग विचारायला हवं होतं. प्रश्नांचा क्रम चुकला. क्रम बदलला की ‘दादा’ द्या. ‘दादे’. इथे क्रम बदलून भागत नाही, काका, मामा, दादा यांची यादी ठेवावी लागते आणि नियमाआधी ती तपासावी लागते. या दोन चुका वेगळ्या जातीच्या आहेत, एवढं कळलं तरी तास वसूल. अकारान्त स्त्रीलिंगी शब्द (माळ माळा, भिंत भिंती) पाचवीत या खेळात आणू नका, तिथे सुटसुटीत नियम नाही आणि वर्ग गोंधळतो.

स्क्रॅचवर करणार असाल तर एक सांगून ठेवतो. ‘लेंग्थ ऑफ’ मात्रा वेगळी मोजतो. ‘काका’ची लांबी 4 येते, ‘पुस्तक’ची 6, कारण उकार आणि हलन्ताची खूणही मोजली जाते. अक्षरं मोजायला तो वापरू नका. पण शेवटचं चिन्ह ‘ा’ आहे का हे तपासायला हीच खोड कामाला येते.

परिसरसाठी तुमच्या नावातच धडा आहे की. मलप्रभा नदीची आठ कार्डं: कणकुंबी, खानापूर, एम. के. हुबळी, नविलुतीर्थाचं धरण, रामदुर्ग, पट्टदकल, ऐहोळे, कूडलसंगम. पिसून द्या आणि लावायला सांगा. दोन कार्डांची अदलाबदल झाली तर पाणी उलटं चढलं, ही चूक मुलांना समजावून सांगावी लागत नाही. धरणाच्या कार्डापाशी अट येते: पातळी ठरलेल्या खुणेच्या वर गेली तर दार उघड, नाहीतर बंद ठेव. सोबत क्रम न लागणारं एखादं काम द्या, जसं भेळेत कांदा आधी की टोमॅटो आधी. क्रम कुठे लागतो आणि कुठे नाही हे ओळखणंही शिकायचंच आहे.

---

मलप्रभा_काठ

सगळ्यांचे आभार. अडचण अशी की नुसती मात्रा टाइपच होत नाही. मी इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारा कीबोर्ड वापरते, तो ‘ो’ एकटा देत नाही. आणि चिकोडीकर सर, ‘ा’ शी तुलना करायची तर तोही टाइप करावा लागणार ना?

---

चिकोडीकर

तुलनेसाठी टाइप करायची गरज नाही. ‘लेटर 2 ऑफ’ मध्ये ‘का’ लिहा, तो नुसता ‘ा’ काढून देतो. तोच ब्लॉक बरोबरच्या चिन्हाच्या एका बाजूला ठेवा.

---

दोन्ही_भाषा

याद्यांसाठी विंडोजच्या भाषा-सेटिंगमध्ये मराठी जोडा, त्यासोबत येणारा कीबोर्ड इनस्क्रिप्ट असतो आणि त्यात मात्रा स्वतंत्र कळीवर आहेत. इंग्रजी ए च्या कळीवर ‘ो’, एस वर ‘े’, ई वर ‘ा’, जी वर ‘ु’. यादीत ती ठिपक्यांच्या गोलासकट दिसेल, घाबरू नका, जोडल्यावर गोल जातो. ‘ैदु’च्या ‘ै’साठी डब्ल्यूची कळ, शिफ्ट न दाबता.