शब्दचर्चा : केबलचा ड्रम, घोडी, जॅक आणि भोवरकडी

मूळ प्रश्न – रत्नागिरी

आमच्याकडे भूमिगत वीजवाहिनीचं काम चालू आहे. गँगमधले बरेच जण आसपासच्या वाड्यांमधले आहेत, काही घाटावरचे, दोघे-तिघे परप्रांतीय. कामाच्या सूचना इंग्रजीत आल्या आहेत. त्यांचं मराठीत एक पानी टिपण करायला घेतलं आहे. ते भिंतीवर चिकटवायचं नाही. रोज सकाळी काम सुरू होण्याआधी मुकादम ते मोठ्याने वाचून दाखवणार आहे. म्हणून नुसता अर्थ बरोबर असून भागत नाही, शब्द ऐकल्याबरोबर कळायला हवा.

अडलो आहे तो अवजारांपाशी. केबल ज्यावर गुंडाळून येते तो ड्रम, त्याच्या मधून जाणारा दांडा, तो उचलून धरणारे दोन जॅक, चरात मांडायचे रोलर, आणि ओढायचा दोर व केबल यांच्या मध्ये बसणारी ती फिरती कडी. एका मसुद्यात कुणीतरी 'केबलचे रीळ' लिहिलं होतं, दुसऱ्यात 'केबल-चक्र' होतं. तुमच्याकडे प्रत्यक्ष काय म्हणतात, आणि त्यात गोंधळ कुठे होतो, ते सांगाल का?

अलिबाग

या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि खांब, तारा आडव्या झाल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते सिंधुदुर्ग-रत्नागिरीला झोडपत वर गेलं. वाहिन्या जमिनीखाली घालायची निकड तेव्हापासून सगळ्यांनाच जाणवते आहे, आणि हे शब्दही त्यामुळेच गावोगाव पोचले आहेत.

'रीळ' नको. रीळ दोऱ्याचं, फार तर फिल्मचं. उच्चदाबाच्या जाड केबलचा भरलेला ड्रम तीन-चार टनांचा सहज असतो आणि 'रीळ' म्हटल्यावर कुणी मागे सरकत नाही. 'ड्रम'च ठेवा. फक्त साइटवर डिझेलचा ड्रम असतो, पाण्याचा निळा ड्रमही असतो. म्हणून टिपणात पहिल्यांदा 'केबलचा ड्रम' असं पूर्ण लिहा, मग नुसतं 'ड्रम' चालेल. त्याच्या दोन बाजूंच्या गोल तबकड्यांना आमची माणसं 'चाकं' म्हणतात आणि ज्यावर केबल गुंडाळलेली असते त्याला 'पोट'. दोन्ही शब्द चांगले आहेत. फ्लँज आणि बॅरल गोदामाच्या वहीत राहू देत.

आता घोडी आणि जॅक. मराठीत घोडी म्हणजे ओझं पेलणारा कुठलाही पायांचा सांगाडा, सुतारकामातला असो की रंगकामातला. त्यामुळे ड्रमखालच्या आधारालाही लोक घोडी म्हणतात आणि ते योग्यच आहे. पण साइटवर दोन तऱ्हेचे आधार येतात. एक नुसता पेलतो: क्रेनने ड्रम दांड्यासकट उचलायचा आणि त्याच्यावर ठेवायचा. दुसरा स्वतः उचलतो, आट्यांचा असेल किंवा तेलाच्या दाबावरचा. पहिल्याला 'घोडी' आणि दुसऱ्याला 'जॅक' म्हणा, आणि एकाच्या जागी दुसरा शब्द कधीही वापरू नका. 'घोडी चढव' असं म्हटल्यावर नवा माणूस चढवायचं काय ते शोधत बसतो.

दांड्याला शाफ्ट, स्पिंडल, आस सगळंच ऐकलं आहे. 'आस' शब्द चांगला, पण चरातल्या गोंगाटात एवढंसं अक्षर हरवतं. मी 'दांडा' म्हणेन. त्यावर ड्रम सरकू नये म्हणून दोन्हीकडून जी कडी आवळतात ती 'कॉलर'.

जॅकबद्दल टिपणात हे मात्र असू द्या: दोन्ही जॅक थोडे थोडे, बरोबरीने चढवायचे. एक वर आणि एक खाली राहिला की दांडा तिरका होतो, ड्रम फिरता फिरता खालच्या बाजूला सरकतो आणि चाक जॅकला घासू लागतं. ड्रम जमिनीपासून चार बोटं सुटला की पुरे, जास्त उंच न्यायचा नाही. आणि आपली लाल माती पहिल्या पावसानंतर कशी होते ते तुम्हाला सांगायला नको. जॅकच्या तळाखाली जाड फळी किंवा स्लीपर नसेल तर भरला ड्रम एका अंगाला बसतो.

पुणे

सूचना करू का? जॅकला 'उत्थापक', ड्रमला 'रज्जुचक्र' आणि रोलरला 'लोटक' असे शब्द घडवता येतील. एकदा रूढ झाले की मराठीची भर पडेल.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार. परिभाषा घडायला हवी हे मलाही वाटतं, पाठ्यपुस्तकात हे शब्द जरूर यावेत. पण माझं टिपण ऐकणाऱ्याचा हात त्या क्षणी ड्रमखाली असू शकतो. त्याला आधीपासून ठाऊक असलेलाच शब्द मला वापरला पाहिजे.

मालवण

आमच्याकडे पहारीक 'पारय' म्हणतत. ड्रम इंचभर सरकवूचो झालो तर पारयेन रेटतत, म्हणान टिपणात पहार लिवल्यात तरी चलात, आमका कळता.

प्रमाण मराठीत एक सांगतो. ड्रम जागेवर उभा केल्यावर चाकाखाली जो दगड किंवा ठोकळा अडकवतात त्याला 'उटी' म्हणतात, ट्रकच्या चाकाला लावतात तीच. उटी दोन्ही अंगांनी लावायची, एकाच बाजूने नाही. आमच्याकडे सपाट जागा शोधावी लागते आणि डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या कातळालाही उतार असतोच.

गुहागर

त्या फिरत्या कडीसाठी नवा शब्द शोधायची गरजच नाही. तिला मराठीत 'भोवरकडी' म्हणतात. गोठ्यात गुराच्या दाव्याला लावतात ती. जनावर कितीही गोल फिरलं तरी दाव्याला पीळ पडत नाही. केबल ओढताना तिचं काम तेच आहे. पोलादी दोरावर ताण आला की तो स्वतःभोवती उलगडू पाहतो. मध्ये भोवरकडी नसली तर तो सगळा पीळ केबलमध्ये उतरतो. आजच्या पोरांनी दावं पाहिलं नसेल, पण शब्द सांगितला की त्यातला 'भोवरा' लगेच कळतो.

केबलच्या टोकावर चढवतात त्या विणलेल्या तारेच्या जाळीला मी 'मोजा' म्हणेन. ओढ बसली की तो आवळतो, सैल सोडला की निघतो. त्याच्यासाठी 'पकड' शब्द नको, पकड म्हटलं की पक्कड आणून देतात.

मूळ प्रश्नकर्ता

भोवरकडी! हाच शब्द मला हवा होता, धन्यवाद. रोलरचं काय करू? परवा एकाने 'रोलर आला का' विचारलं आणि उत्तर मिळालं, 'रस्ता अजून कुठे झालाय?'

पेण

जुन्या मराठीत यालाच 'रूळ' म्हणत. क्रिकेटच्या मैदानावर अजूनही रूळ फिरवतात. पण कोकण रेल्वे आल्यापासून आपल्या पट्ट्यात रूळ म्हटलं की फक्त गाडीचे रूळ डोळ्यांपुढे येतात, आणि तुमचं काम कुठे रेल्वेलगत असेल तर हा शब्द धोक्याचाच. 'चरातले रोलर' म्हणा. वळणावर उभे लावतात ते 'कोपऱ्याचे रोलर'. सरळ चरात दोन-दोन मीटरवर मांडले की केबल जांभ्याच्या धारेवर घासत नाही. चिरा चिरलेल्या चराच्या कडा किती खरखरीत असतात ते केबलचं वरचं आवरण पाहिलं की समजतं.

अलिबाग

नामं झाली, पण माझ्या अनुभवात अपघात क्रियापदांमुळे होतात. तिथे थोडा वेळ थांबूया.

'ड्रम फिरवा' या दोन शब्दांच्या आज्ञेचे तीन अर्थ होतात. ड्रम जमिनीवरून चाकासारखा पुढे न्या. ड्रम जॅकवर आहे तिथेच दांड्याभोवती फिरवा म्हणजे केबल सुटेल. किंवा ड्रमचं तोंड दुसऱ्या दिशेला करा. तिघांनी तीन अर्थ घेतले तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून पहिल्यासाठी 'लोटा', दुसऱ्यासाठी 'केबल सोडा', तिसऱ्यासाठी 'तोंड वळवा'. टिपणात 'फिरवा' शब्दच येऊ देऊ नका.

'लोटणे' आणि 'घरंगळणे' यातला फरक मराठीने आधीच करून ठेवला आहे. लोटतो तो माणूस, घरंगळतो तो ड्रम. उतारावर लोटायचं नाही, एवढं एक वाक्य पुरेसं आहे. ड्रमच्या चाकावर बाण रंगवलेला असतो. थोडं अंतर लोटायचाच असेल तर त्या बाणाच्याच दिशेने. त्या दिशेने लोटला की वेढे घट्ट राहतात. उलट लोटला की ते सैल पडतात, एक वेढा दुसऱ्याखाली शिरतो आणि पुढे ओढताना केबल मध्येच अडकते. हे कारणही वाचून दाखवा. कारण कळलं की माणूस बाण शोधतो.

आणि 'आडवा-उभा'. इंजिनिअर आसाकडे बघून 'आडवा' म्हणतो, गँग चाकांकडे बघून त्याच ड्रमला 'उभा' म्हणते. 'ड्रम आडवा ठेवू नका' या वाक्याने एकदा नेमकं उलट झालेलं मी पाहिलं आहे. आमच्या एका जुन्या मुकादमाची भाषा मला सगळ्यात पटली: 'ड्रम निजवायचा नाही.' निजवला, म्हणजे एका चाकावर सपाट पाडला, की वेढे एकमेकांवर घसरतात आणि तो परत उभा करताना चाक मोडायची भीती असते. निजवणे या शब्दाचा कुणीही दुसरा अर्थ लावत नाही.

हर्णै

आम्ही बोटीवरची माणसं. केबलशी थेट संबंध नाही, पण भाऊ या कामावर होता म्हणून लिहितो. तुम्ही 'केबल सोडा' लिहिलंत. ओढणारा माणूस विंचपाशी, म्हणजे दोर ओढायच्या यंत्रापाशी असतो आणि ड्रमपाशी दुसरा, मध्ये दोनशे-तीनशे मीटर. तिथे वाऱ्यात 'सोड' आणि 'ओढ' एकच ऐकू येतं. पहिलं अक्षर वारा नेतो, शेवट सारखाच. नेमक्या उलट कामाचे दोन शब्द इतके जवळचे असून चालत नाहीत.

'खेच' आणि 'ढील' वापरा. दोन्हीचे आवाज वेगळे आहेत. थांबायला शिट्टी. क्रेनवाला खलाशांच्या भाषेतला असेल तर तो वर-खाली करायला 'हबेस' आणि 'आरिया' म्हणेल. त्यातला आरिया हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द, उतरवणे, ढिला सोडणे या अर्थाचा. क्रेनपुरता तो चालू द्या, जमलेली भाषा मोडू नका. पण चरातल्या माणसांना तो येतो असं धरून चालू नका.

अलिबाग

हे फारच मोलाचं सांगितलंत, दादा. माझं 'केबल सोडा' मागे घेतो, 'ढील' हवं.

मूळ प्रश्नकर्ता

मीही बदललं. अजून दोन गोष्टी. आमचा एक तुकडा पाखाडीवरून, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेवरून उतरतो. वर रस्ता आहे, खाली वाडी, क्रेन फक्त वरपर्यंत. ड्रम वर मांडून केबल खाली न्यायची आहे. तिथे ड्रम आवरून धरतात त्याला काय म्हणावं? आणि 'वळण त्रिज्या' हा शब्द ऐकून कुणाला काही कळत नाही.

अलिबाग

ड्रमच्या चाकावर जाड फळी दाबून धरतात तिला 'ब्रेकची फळी' म्हणतात, तेच लिहा. उतारावर खाली गेलेल्या केबलचं वजनच ड्रमला ओढायला लागतं, खेचणारे थांबले तरी ड्रम थांबत नाही. त्यामुळे पाखाडीवर फळीवर एक अनुभवी माणूस ठेवायचा आणि त्याला दुसरं काहीही काम द्यायचं नाही. केबल ड्रमच्या वरच्या अंगाने सुटेल असा ड्रम मांडा, खालून सुटली तर जमिनीला घासते.

त्रिज्येऐवजी 'वळणाचा गोल' म्हणा आणि आकडा द्या. केबलच्या प्रकाराप्रमाणे तिच्या जाडीच्या साधारण १२ ते २० पट त्रिज्या लागते. नेमका आकडा तुमच्या केबलच्या कागदातून घ्या. समजा केबल ८ सेंटिमीटर जाड आहे आणि १५ पट सांगितली आहे, तर १२० सेंटिमीटर. तेवढ्या लांबीची दोरी कापून मुकादमाच्या खिशात द्या. गडग्याच्या कोपऱ्यावर चर वळतो तिथे दोरीने कमान आखून बघायची. केबल 'वळते' ते ठीक, 'मुरडते' ते नाही: हे दोन शब्द टिपणात शेजारी शेजारी ठेवा.

उरण

समुद्राखालून घारापुरी बेटाला वीज गेली २०१८ मध्ये, साधारण साडेसात किलोमीटरची केबल. तेव्हापासून आमच्याकडे कुणी विचारतं, एवढी लांब केबल कुठल्या ड्रमवर मावते? माझ्या माहितीप्रमाणे लांब पल्ल्याच्या सागरी केबली जहाजावर किंवा तराफ्यावर मोठ्या फिरत्या तळावर गोल रचून नेतात. त्या तळाला काय म्हणायचं?

गुहागर

तिथे ड्रम खरोखर निजलेलाच असतो, फक्त तळच फिरतो. 'फिरता तळ' मला पुरेसा वाटतो. मात्र तो शब्द रत्नागिरीच्या टिपणात नको, 'निजवायचा नाही' च्या शेजारी तो आला की नवा गोंधळ.

मूळ प्रश्नकर्ता

बरोबर, तो बाहेर ठेवतो. मालवणच्या दादांना एक विचारायचं राहिलं: उटी लावताना हाक काय देतात तुमच्याकडे?

मालवण

'उटी मार!' आणि लावून झाली की लावणारोच ओरडता, 'बसली!' तो 'बसली' ऐकू येयपर्यंत कोण हात काढीत नाय.