मंगळवारी मत कुणाला द्यावं? (न्यू हॅम्पशर प्रायमरी)

सांगलीकरीण | शनिवार, ८ फेब्रुवारी २०२०

मंडळी, मंगळवारी आमच्याकडे प्रायमरी आहे (म्हणजे अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅट पक्षाचं तिकीट कुणाला, हे ठरवायचं मतदान) आणि माझं अजून काही ठरत नाहीये. नॅशुआत राहून बरीच वर्षं झाली, पण नागरिकत्व अलीकडचं, त्यामुळे अध्यक्षपदाच्या प्रायमरीत हे माझं पहिलंच मत. सांगलीत असताना तिकीट कुणाला मिळणार यावर फक्त पैजा लागायच्या. ते ठरायचं मुंबईत नाहीतर दिल्लीत. इथे तिकीट देणारी मीच, त्यामुळे जरा डोक्याला ताप झालाय.

इथे उमेदवार अक्षरशः दारात येतात. शाळेची जिम, चर्चचं तळघर, कुणाचा तरी दिवाणखाना. थंडीत बाहेर पडायला मला निमित्तच हवं होतं, म्हणून दिसेल त्या सभेला गेले. जे वाटलं ते लिहिते.

बर्नी सँडर्स: भाषण पाठ झालंय, त्यांचंही आणि माझंही. हवापाण्याच्या गप्पा नाहीत, हसणं मोजून मापून. पण आमच्या घरात इन्शुलिन लागतं (ह्यांना), आणि हा माणूस गेल्या जुलैत पेशंट मंडळींना बसमध्ये घालून डेट्रॉइटहून कॅनडात विंडसरला घेऊन गेला होता. तिथे तीच बाटली साधारण दहाव्या हिश्शात मिळते. ते मी विसरू शकत नाही.

पीट बुटिजेज: गोड बोलतो. इतकं घोटीव बोलतो की घरी येईपर्यंत नक्की काय म्हणाला ते आठवत नाही. कालच्या सेंट अँसेल्म कॉलेजातल्या डिबेटमध्ये त्याच्या साउथ बेंडमध्ये (तिथे तो महापौर होता) गांजावरून काळ्या लोकांच्या अटका का वाढल्या असं विचारलं, तर गडी भलतीकडेच गेला. वॉरनबाईंना विचारलं, हे उत्तर पुरेसं आहे का? त्या म्हणाल्या, नाही. मी घरी टाळी वाजवली.

एमी क्लोबुशार: विनोदी बाई. जुन्या बॉयफ्रेंडांकडून निवडणुकीसाठी १७ हजार डॉलर गोळा केले, हा तिचा ठेवणीतला किस्सा. पण काल शेवटी जुने अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या अंत्ययात्रेत रडणाऱ्या माणसाची गोष्ट सांगितली ना, मी रूझवेल्टला ओळखत नव्हतो पण तो मला ओळखत होता, तेव्हा आमचे हेसुद्धा टीव्हीचा आवाज वाढवायला उठले. हे सहसा उठत नाहीत.

जो बायडन: भाषण भरकटतं. वाक्य सुरू होतं डेलावेअरला आणि संपतं कुठल्या कुठे. भाषणानंतर मात्र एका म्हाताऱ्या बाईंचा हात हातात धरून इतका वेळ उभे होते की पोरं घड्याळं दाखवायला लागली. बाकीच्यांपैकी कुणी असं ऐकून घेताना मला दिसलं नाही. पण काल डिबेट सुरू होताच स्वतःच म्हणाले, आयोवात (तिथलं मतदान सोमवारीच झालं) फटका बसला, इथेही बहुधा बसेल. आता असं म्हटल्यावर मी काय करायचं?

एलिझाबेथ वॉरन: प्रश्न विचारायला लॉटरीची तिकिटं वाटतात, नंबर निघाला तर माइक. माझा निघाला नाही. मग सेल्फीची रांग. बाईंचा कुत्रा बेली पण होता, त्याच्यासोबतही लोक फोटो काढत होते. बाई जुन्या शिक्षिका आहेत, ते लगेच कळतं.

यांग आणि तुलसी गबार्ड यांनाही पाहिलं. यांगचा महिन्याला हजार डॉलरचा हिशोब ऐकायला मजा येते, मत देण्याइतकी नाही.

आता अडचण अशी की इथे जो तो एकच विचारतो: ट्रम्पला कोण हरवेल? भाजी घेताना, दाताच्या दवाखान्यात (मी तिथे हिशोब बघते), सगळीकडे हेच. आवडतं कोण हे कुणी सांगतच नाही. ह्यांचं म्हणणं बायडन, 'बाकी सगळे गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेत'. तुम्ही काय कराल?

आयोवाचा_आबा | शनिवार, ८ फेब्रुवारी

ताई, तुमच्याकडे निदान पडद्याआड कागदावर खूण करायची आहे. आमच्याकडे सोमवारी संध्याकाळी सातला शाळेच्या जिममध्ये ज्याच्या त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, शेजारीपाजारी बघतायत. मी यांगच्या कोपऱ्यात. आमचे पंधरा टक्के भरले नाहीत, म्हणजे गट बाद. लगेच बुटिजेज आणि क्लोबुशारची माणसं आम्हाला ओढायला धावली. माझ्या मुलाच्या फुटबॉल कोचने माझा दंड धरला म्हणून मी बुटिजेजकडे गेलो, खरं सांगतो. आणि एवढं करून निकाल कळवायचं अ‍ॅपच बोंबललं, निकाल यायला गुरुवार उजाडला.

जिंकेल कोण हे आम्हाला काय डोंबल कळतंय. आवडेल त्याला द्या.

एडिसनवाला | शनिवार, ८ फेब्रुवारी

आमचं न्यू जर्सीचं मतदान जूनमध्ये. तोवर ताटात फक्त कढीपत्ता उरलेला असतो. त्यामुळे तुम्ही लोक भावनेच्या भरात मत देऊ नका, आमच्यासाठी नीट उमेदवार ठेवा. १५ टक्क्यांच्या खाली गेलेल्याला डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) मिळत नाहीत, म्हणजे ते मत पाण्यात. सर्व्हेत वॉरन त्याच्या आसपासच घुटमळतायत. आणि क्लोबुशार हाताखालच्या लोकांशी कशी वागते याच्या बातम्या गेल्या वर्षी आल्या होत्या, त्या वाचल्यात का?

कट्ट्यावरचा_पुणेकर | रविवार, ९ फेब्रुवारी

एक बावळट प्रश्न. या ताई डेमोक्रॅटिक पक्षाच्या सभासद आहेत का? नसतील तर पक्षाचा उमेदवार ठरवायला यांना बोलावलं कुणी? आमच्याकडे वीस वर्षं सतरंज्या उचलणाऱ्यालाही कुणी विचारत नाही.

सांगलीकरीण | रविवार, ९ फेब्रुवारी

पुणेकर, प्रश्न अजिबात बावळट नाही. मी अनडिक्लेअर्ड, म्हणजे कुठल्याच पक्षात नोंद नाही. इथले साधारण चाळीस टक्के मतदार तसेच. मतदानाच्या दिवशी टेबलापाशी सांगायचं, डेमोक्रॅट मतपत्रिका द्या किंवा रिपब्लिकन द्या. घेतली की त्या पक्षाचे झालात. मत दिल्यावर बाहेर पडताना एक कार्ड भरलं की पुन्हा मोकळे. रिपब्लिकन बाजूला ट्रम्पसमोर बिल वेल्ड आहेत, मॅसॅच्युसेट्सचे जुने गव्हर्नर, पण तिकडे काही चुरस नाही. आणि हे मतदान पक्ष घेत नाही, सरकार घेतं. सतरंजीवाल्यांना राग येत असणार, मान्य.

एडिसनवाले, वाचल्यात त्या बातम्या. मला खटकल्या. पण तुमच्यासाठी नीट उमेदवार ठेवायचं काम माझं नाही हो. तुम्हाला जून लवकर हवा असेल तर तुमच्या आमदाराला धरा.

राहिलं इन्शुलिन. सँडर्स म्हणतात सगळ्यांना मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांना मिळतो तो सरकारी आरोग्य विमा. मला पटतं, पण ते काँग्रेसमधून पास कधी होणार? बुटिजेज म्हणतो ज्याला हवं त्याला मेडिकेअर. म्हणजे कंपनीचा विमा राहणार आणि जानेवारी आला की आमचं डिडक्टिबल (विमा सुरू होण्याआधी खिशातून भरायची रक्कम) पुन्हा शून्यापासून. वॉरनबाईंनी सगळ्यांना मेडिकेअरचं गेल्या नोव्हेंबरात अध्यक्षपदाच्या तिसऱ्या वर्षावर ढकललं, त्यावरून लोक चिडले. मीही चिडले होते. पण त्यांचा दुसरा मुद्दा फारसं कुणी बोलत नाही: आत्ताच्या कायद्यातच सरकारला औषध स्वस्तात बनवून घेण्याचे अधिकार आहेत, अध्यक्ष ते पहिल्याच दिवशी इन्शुलिनसाठी वापरू शकतो, काँग्रेसची वाट बघायला नको. सेल्फीच्या रांगेत मी तेवढंच विचारलं. बाईंनी फोटो बाजूला ठेवून आधी उत्तर दिलं, मागची रांग थांबवून. फोटोत माझे डोळे मिटलेत.

एडिसनवाला | रविवार, ९ फेब्रुवारी

म्हणजे तुमचं ठरलंय. उगाच आमचा रविवार घालवलात.

सांगलीकरीण | बुधवार, १२ फेब्रुवारी

हो, वॉरनना दिलं. ह्यांनी बायडनना दिलं. दोघांनाही १५ टक्के मिळाले नाहीत, म्हणजे आमच्या घरातून एकही डेलिगेट गेला नाही. सँडर्स पहिले, बुटिजेज चार हजारांच्या आत मागे, आणि क्लोबुशार तिसरी, जवळजवळ २० टक्के. ती शुक्रवारची रूझवेल्टची गोष्ट चालली बघा. दवाखान्यातल्या दोघींनी तिलाच दिलं, दोघींचं डिबेटनंतर ठरलं. यांग काल रात्रीच बाहेर पडले (आबा, सांत्वन). बायडन तर मतमोजणीला थांबलेच नाहीत, साउथ कॅरोलायनाला निघून गेले. ते ह्यांना फार लागलंय.

एडिसनवाले, पाण्यात गेलं असेल, पण पुन्हा विचारलंत तरी तिथेच खूण करीन.

कार्ड भरून मी पुन्हा अनडिक्लेअर्ड झाले. सप्टेंबरात राज्याची प्रायमरी आहे, गव्हर्नरसाठी डेमोक्रॅट बाजूला फेल्टिस आणि वोलिन्स्की. दोघांनाही अजून पाहिलेलं नाही. कॉनकॉर्डच्या बाजूला कुणी मराठी असेल आणि त्यांच्या सभेला जाणार असेल तर कळवा, गाडीत जागा आहे.