नवीन मटेरिअलचं हेल्मेट घेतलं म्हणजे पोराचा मेंदू वाचतो का? (अमेरिकन फुटबॉल)

शलाका_कोलंबस
आधीच सांगते, फुटबॉल म्हणजे इथला अमेरिकन फुटबॉल, लंबगोल बॉलचा, आपला पायाने खेळायचा नाही. माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, यंदा हायस्कूलच्या टीममध्ये घेतलंय त्याला आणि अंगाने दणकट म्हणून कोचने लाइनवर उभा केलाय, म्हणजे प्रत्येक प्लेला (खेळाची एकेक छोटी चाल) समोरच्याला जाऊन भिडायचं हेच काम. परवा गाडीच्या मागच्या सीटवर त्याचं हेल्मेट पडलं होतं, ते मांडीवर घेऊन बघत बसले. पांढरं आहे. कपाळाच्या वर, कुंकू लावतो तिथून चार बोटं वर, निळे लाल हिरवे ओरखडे, समोरच्या टीमच्या हेल्मेटचा रंग घासून बसलेला. मोजायला लागले, एकवीस झाले आणि मग सोडून दिलं.

तर आता शाळेतल्या पालकांनी नवीन हेल्मेटसाठी पैसे जमवायला घेतलेत. आत नेहमीच्या फोमऐवजी थ्रीडी प्रिंट केलेली जाळी असते, बाहेरचं कवच थोडं दबणारं असतं, आणि प्रॅक्टिसला वरून घालायची मऊ टोपी वेगळी. काही पालक म्हणतायत की हे सगळं मार्केटिंग आहे, जुनी हेल्मेट चांगली आहेत. माझं मत सरळ आहे, मटेरिअल सुधारलं की मार कमी बसणार, व्हर्जिनिया टेक युनिव्हर्सिटी २०११ पासून हेल्मेट आपटून आपटून स्टार देतेय आणि त्यात नवी हेल्मेट जुन्यांपेक्षा खूप पुढे आहेत, मग पैशासाठी का मागे राहायचं? ज्यांना यातलं कळतं त्यांनी सांगा, पटत नसेल तर तेही सांगा.

चक्रधर
ताई पैसे द्या, बिनधास्त. मी चाकणला हेल्मेटच्या आतला फोम बनवणाऱ्या कारखान्यात १६ वर्षं काढली, आपल्या टू-व्हीलरच्या हेल्मेटचा, पण भौतिकशास्त्र तेच. हिशोब करून दाखवतो. पोरगा ताशी २० किमीने येतोय आणि डोकं अचानक थांबतंय. ते १ सेंटिमीटरात थांबलं तर डोक्यावर सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या १५० पट झटका येतो, ३ सेंटिमीटरात थांबलं तर तोच ५० पटीवर येतो. म्हणजे हेल्मेटचं काम एवढंच, थांबायला जागा आणि वेळ देणं.

आता गोम कुठे आहे तर साधा फोम आधी मऊ लागतो आणि शेवटी 'बसतो', एकदा बसला की दगडच. म्हणजे ३ सेंटिमीटर जाडी दिली तरी कामाला येते त्यातली अर्धी-पाऊण. नवीन डिझाइनमध्ये हेच सुधारलंय. सिएटलच्या एका कंपनीने २०१७ च्या सुमाराला हेल्मेट आणलं त्यात फोमच्या जागी बारीक बारीक खांब होते. घरी करून बघा, प्लॅस्टिकची फूटपट्टी उभी धरून वरून दाबा, एका मर्यादेपर्यंत ताठ राहते आणि मग एकदम वाकते, आणि वाकायला लागल्यावर जोर फारसा वाढत नाही. तसे शेकडो खांब वाकले की पूर्ण जाडी वापरली जाते. शिवाय ते आडवेही झुकतात, त्यामुळे तिरका मारही थोडा खातात. किंमत मात्र तेव्हा १५०० डॉलर होती एका नगाची.

आणखी एक, टू-व्हीलरच्या हेल्मेटमधलं थर्माकोल एकदाच चिरडतं, पडलात की हेल्मेट बदला. यांना तो चॉइसच नाही, एकाच हेल्मेटने सगळ्या सीझनभर शेकडो धडका घ्यायच्या आणि प्रत्येक वेळी फुगून परत जागेवर यायचं. हे मटेरिअलवाल्यांसाठी खरोखर अवघड काम आहे आणि थंडीत तर बरेच फोम कडक होतात, तुमच्याकडे नोव्हेंबरमध्ये मॅच असतात ना.

रानजाई
शलाका, मी उलट बाजूने बोलणार आहे, राग मानू नकोस. मी न्यू जर्सीत मेंदूच्या दुखापतीच्या रिहॅबमध्ये नर्स आहे.

चक्रधरदादांचा हिशोब कवटीचा आहे, कवटी फुटणं हेल्मेटने थांबलंय त्याबद्दल वादच नाही. पण मेंदू कवटीला चिकटलेला नसतो, पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोकं गर्रकन फिरलं की कवटी फिरते आणि मेंदू मागे राहतो, आतले धागे ताणले जातात. बाहेर कितीही भारी जाळी लावा, आत तो हलणारच.

आणि भीती फक्त कन्कशनची, म्हणजे डोक्याला झटका बसून मेंदू तात्पुरता बिघडण्याची, नाहीये. माइक वेबस्टर, पिट्सबर्गचा मोठा खेळाडू, लाइनवरच खेळायचा, तुझ्या मुलासारखा मधल्या फळीत. २००२ मध्ये ५० व्या वर्षी गेला, शेवटची वर्षं अतिशय वाईट गेली. बेनेट ओमालू या डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला तेव्हा सीटीई सापडलं, म्हणजे टाऊ नावाचं प्रोटीन साचून साचून मेंदूची झीज. बॉस्टन युनिव्हर्सिटीने २०१७ मध्ये एनएफएलच्या (इथली सगळ्यात मोठी व्यावसायिक लीग) १११ माजी खेळाडूंचे दान केलेले मेंदू तपासले, ११० मध्ये सीटीई. हो, ज्यांना त्रास होत होता त्यांच्याच घरच्यांनी मेंदू दिले असणार, म्हणून १०० तले ९९ असा अर्थ काढू नका. पण त्याच टीमने २०१९ मध्ये दाखवलं की खेळलेल्या दर वर्षामागे सीटीईची शक्यता साधारण ३० टक्क्यांनी वाढते, आणि नंतरच्या अभ्यासात त्याचं नातं किती कन्कशन झाली याच्याशी दिसलं नाही, एकूण किती आणि किती जोरात डोकं आपटलं त्याच्याशी दिसलं. ज्या धडकेनंतर मुलगा उठून हसत पुढच्या प्लेला जातो ना, त्या धडका. त्या कोणी मोजतच नाही.

भटका_ढग
रानजाईताई तुमचं काम माहितीये म्हणून आदर आहेच पण एवढं निराश चित्र नाहीये. मी एनएफएल १५ वर्षं बघतोय. २०२२ पासून ट्रेनिंग कॅम्पमध्ये लाइनमन (लाइनवरचे), लाइनबॅकर (बचावात त्यांच्या मागे उभे राहणारे) वगैरेंना हेल्मेटवर मऊ टोपी सक्तीची केली, गार्डियन कॅप म्हणतात, तर त्या पोझिशनच्या खेळाडूंची कन्कशन जवळपास निम्म्यावर आली असं लीगने जाहीर केलं. २०२४ पासून मॅचमध्येसुद्धा घालायला परवानगी. आणि २०२४ च्या सीझनमध्ये एकूण कन्कशन १८२, आदल्या वर्षी २१९ होती, २०१५ पासून मोजतायत त्यातला तोपर्यंतचा सगळ्यात कमी आकडा. आता तर क्वार्टरबॅकसाठी (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) वेगळं हेल्मेट निघालंय कारण त्यांचं डोकं मागे पडून जमिनीवर आपटतं, लाइनमनसाठी पुढून जास्त गादी. हे सगळं मटेरिअलमुळेच शक्य झालं. मग फरक पडत नाही असं कसं म्हणता?

रानजाई
फरक पडत नाही असं म्हटलं नाही, कुणाच्या बाबतीत पडला ते बघा म्हणतेय. विस्कॉन्सिनमध्ये हायस्कूलच्या मुलांवर अभ्यास झाला, प्रॅक्टिसला ही टोपी घातलेली मुलं आणि न घातलेली, कन्कशनमध्ये फरक सापडला नाही. स्टॅनफर्डवाल्यांनी कॉलेजच्या खेळाडूंना सेन्सर लावलेले माउथगार्ड दिले आणि खऱ्या मैदानावर मोजलं, लॅबमध्ये दिसत होता तो फायदा मैदानावर दिसला नाही. आणि लीगचा आकडा घसरला त्या २०२४ मध्येच त्यांनी किकऑफचा (खेळ सुरू करताना बॉल लांब लाथाडतात तो) नियमही बदलला, दोन्ही बाजू लांबून पळत येऊन आदळायच्या ते कमी केलं. मग श्रेय एकट्या टोपीला कसं द्यायचं?

चक्रधर
हे मान्य करावं लागेल. लॅबमध्ये आम्ही काय करतो, धातूचं डोकं, त्याला रबराची मान, ठरलेल्या वेगाने ठरलेल्या जागी आपटायचं. खऱ्या पोराची मान कधी ताठ असते, कधी बेसावध. पट्टा सैल असतो, केस घामाने ओले असतात, हेल्मेट डोक्यावर सरकतं. आमच्याकडेही लॅबमध्ये पास झालेला फोम रस्त्यावर कसा वागेल याची खात्री कोणी देत नसे.

पण फिरण्याबद्दल एक सांगू द्या. स्वीडनमध्ये त्यावरच काम झालं, आतला एक पातळ थर थोडासा घसरतो, म्हणजे तिरका मार बसला की कवच फिरतं आणि डोकं तेवढं फिरत नाही. सायकलच्या हेल्मेटमध्ये तो आता सर्रास असतो. तेव्हा 'आत मेंदू हलणारच' हे खरं असलं तरी किती हलणार ते कमी करता येतं. शून्य नाही, कमी. सांगणाऱ्याने तेवढंच सांगावं, जास्त सांगू नये.

गोदाकाठ
मला वाटतं सगळे चुकीच्या टोकाला धरून बसलेत. हेल्मेट हेच कारण आहे. पूर्वी चामड्याच्या टोप्या होत्या तेव्हा डोकं पुढे घालून धडकायची कोणाची हिंमत नव्हती, कडक प्लॅस्टिक आलं आणि डोक्याचं हत्यार झालं. १९६८ मध्ये या खेळात थेट मारामुळे ३६ जण मेले. मग १९७६ मध्ये डोकं खुपसून टॅकल करायला (समोरच्याला अडवून पाडायला) शाळा-कॉलेजात बंदी आली आणि मृत्यू कोसळले, १९९० मध्ये एकही नाही. नियमाने वाचवलं, मटेरिअलने नाही. जितकी मऊ गादी द्याल तितका पोरगा जोरात भिडेल.

भटका_ढग
अर्धीच गोष्ट सांगताय. हेल्मेटचं पहिलं स्टँडर्डही त्याच दशकात आलं, १९७३ मध्ये, आणि काही वर्षांत शाळांना सक्तीचं झालं. दोन्ही एकत्र घडलं, तुम्ही त्यातलं एक उचलताय. आणि हेल्मेट काढून प्रश्न सुटला असता तर रग्बीवाले सुखात असते. इंग्लंडचा स्टीव्ह थॉम्प्सन, २००३ चा वर्ल्ड कप जिंकलेला खेळाडू, चाळिशीच्या आत-बाहेर डिमेन्शियाचं निदान झालं, तो कप जिंकल्याचंच त्याला आठवत नाही. तिथे कुठे होतं कडक प्लॅस्टिक?

सान्वीची_आई
माझ्या भाच्याने सोडून दिलं आणि फ्लॅग फुटबॉल खेळतो, कमरेचा झेंडा ओढायचा, टॅकलच नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आहे तो खेळ. शलाका त्याला विचारून तर बघ.

शलाका_कोलंबस
विचारलं गं. नाही म्हणाला. 'बंद कर' हे इथे लिहायला सोपं आहे. सहावीत इथे आलो तेव्हा हा पोरगा डबा एकटा खायचा, वर्षभर. आता शुक्रवारी रात्री दिव्यांच्या झोतात जर्सी घालून बाहेर येतो तेव्हा अख्खी शाळा त्याच्या नंबराने हाक मारते. ते मी हिसकावून घेऊ का? घेईनही कदाचित, पण निदान आधी दुसरं काही करता येतंय का ते बघू द्या.

गोदाकाठ, तुमचं 'जोरात भिडेल' वाचून त्याला सरळ विचारलं, नवीन हेल्मेट मिळालं तर जास्त जोरात जाशील का. जरा थांबला आणि म्हणाला, आई मी आत्ताही पूर्ण जोरातच जातो. यावर काय बोलायचं मला सुचलं नाही.

रानजाई
शलाका, खेळ सोडायला लाव असं मी तुला सांगणार नाही, तो निर्णय घरातला. पण तुझ्या त्या ओरखड्यांचं मनातून जात नाहीये. पांढऱ्यावर निळे लाल दिसले ते मॅचमधले. प्रॅक्टिसमध्ये आपल्याच टीमच्या पोरांशी भिडतो त्याचा रंग पांढऱ्यावर पांढरा, तो दिसणारच नाही. आणि मॅच आठवड्याला एक, प्रॅक्टिस चार-पाच दिवस.

डार्टमथ कॉलेजच्या कोचने, बडी टीव्हन्स, २०१० मध्ये प्रॅक्टिसमध्ये एकमेकांना टॅकल करणंच बंद केलं, गादीच्या पुतळ्यांवर शिकवायचं, नंतर तर पळणारा यांत्रिक पुतळा बनवून घेतला. लोक म्हणाले टीम मऊ पडेल. ती पुढे लीग जिंकली. २०१६ मध्ये अख्ख्या आयव्ही लीगने (डार्टमथसारख्या जुन्या नामांकित कॉलेजांची लीग) सीझनच्या प्रॅक्टिसमधलं टॅकल बंद केलं, आणि त्याच वर्षी किकऑफची रेघ ५ यार्ड पुढे नेली तर किकऑफमधली कन्कशन दर हजार प्लेमागे ११ च्या आसपास होती ती २ वर आली. फोम तोच, प्लॅस्टिक तेच.

चक्रधर
हे मला माहीत नव्हतं. कुठल्याही फोमने ११ चे २ झाल्याचं मी ऐकलेलं नाही. तरी शलाकाताई, जुन्या हेल्मेटच्या आत तारीख बघा. दुरुस्त करून पुन्हा सर्टिफिकेट देणारे १० वर्षांपेक्षा जुनं हेल्मेट घेत नाहीत, तेवढं जुनं असेल तर वाद न घालता बदला.

गोदाकाठ
डार्टमथचं वाचून बरं वाटलं. मी हेल्मेट काढा म्हणत नाही, फक्त पैसे आधी कशाला द्यायचे हा प्रश्न आहे. ७० पोरांच्या नवीन हेल्मेटच्या पैशात मैदानावर उभा राहणारा पूर्णवेळ ट्रेनर येऊ शकतो, जो धडकेनंतर पोराच्या डोळ्यांत बघून त्याला बाहेर बसवेल.

शलाका_कोलंबस
तारीख बघितली, ६ वर्षांपूर्वीचं आहे. आणि तारीख शोधताना मागच्या बाजूचं स्टिकर पहिल्यांदा नीट वाचलं. इतक्या बारीक अक्षरात आहे की चष्मा लावावा लागला. लिहिलंय की कुठलंही हेल्मेट मेंदूच्या किंवा मानेच्या गंभीर दुखापतीपासून वाचवू शकत नाही, हा धोका टाळायचा असेल तर फुटबॉल खेळू नका. बनवणाऱ्यानेच लिहिलंय. तीन महिने हे हेल्मेट मी धुऊन पुसून देतेय.

पैसे मी देणारच आहे, चक्रधरदादा म्हणतात तसं कमी तर कमी. पण काल पालकांच्या मीटिंगला कोचना विचारलं की आठवड्यात पूर्ण अंगावर जाऊन टॅकल किती मिनिटं होतं. त्यांनी आकडा सांगितला नाही, म्हणाले दिवसावर अवलंबून असतं. मी म्हटलं ठीक आहे, मग मी मोजते. मंगळवारपासून बाकावर वही घेऊन बसतेय, अजून दोन आया येतो म्हणाल्यात. पंधरा दिवसांनी आकडे इथेच टाकते.