शाखा डाकघरातले पद भरूनही रिकामे का राहते?

कोयनाकाठ
आमच्या गावच्या शाखा डाकघरात ग्रामीण डाकसेवकांची दोन पदे मंजूर आहेत: एक शाखा डाकपालाचे, दुसरे सहायक शाखा डाकपालाचे. त्यांपैकी दुसऱ्या पदावर आलेला मुलगा चार महिन्यांत निघून गेला आणि पुढच्या यादीत नाव लागलेली मुलगी कागदपत्रांच्या पडताळणीलाच आली नाही. त्यामुळे डाकपालबाई सकाळी खिडकी सांभाळतात आणि दुपारी दाराला कुलूप लावून, पिशवी खांद्याला अडकवून वाड्यांवर टपाल वाटायला निघतात. आवर्ती ठेवीचा हप्ता भरायला आलेली माणसे दारावर खडूने लिहिलेली वेळ वाचून परत जातात. जानेवारी २०२३ मध्ये देशभरात ४०,८८९ ग्रामीण डाकसेवकांची भरती निघाली आणि जुलै २०२४ मध्ये ४४,२२८ जणांची. मग ही माणसे जातात कुठे? जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त उपडाकपाल
या आकड्यांची बेरीज करू नये, कारण सोडून गेलेल्यांची पदे पुढच्या जाहिरातीत पुन्हा येतात आणि तेच पद दोनदा मोजले जाते. दुसरे असे की ही खात्यातील नियमित नोकरी नव्हे. डाकसेवकाला वेतनश्रेणी नसते, कामाच्या रोजच्या तासांवर ठरणारा मासिक भत्ता (आम्ही त्याला टीआरसीए म्हणतो) मिळतो. १ जुलै २०१८ पासून सहायक डाकपालासाठी चार तासांना १०,००० आणि पाच तासांना १२,००० रुपये, तर शाखा डाकपालासाठी अनुक्रमे १२,००० आणि १४,५०० रुपये अशी त्याची सुरुवात ठरली. महागाई भत्ता वेगळा. निवड मात्र परीक्षा न घेता दहावीच्या गुणांवर, चार दशांश स्थळांपर्यंत टक्केवारी काढून होते. पंच्याण्णवच्या पुढे गुण असलेला मुलगा या भत्त्यावर आडगावात किती दिवस राहील, हे यादी लावणाऱ्या संगणकाला कसे कळावे?

आधीचा डाकसेवक
मी त्या सोडून जाणाऱ्यांपैकीच एक आहे. माझ्या जिल्ह्यापासून तीन जिल्हे पलीकडे शाखा डाकपाल म्हणून माझी निवड झाली. डाकघरासाठी जागा डाकपालानेच द्यायची आणि स्वतःही त्याच गावात राहायचे, असा नियम असल्याने मी एका घराची पडवी भाड्याने घेतली, तिथेच टेबल मांडले आणि आतल्या खोलीत झोपू लागलो. दुपारनंतर स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करता येत असे, आणि खरे सांगायचे तर मी आलो होतो त्यासाठीच. तलाठी भरतीत नाव लागताच चार्ज दिला. गावातल्या म्हाताऱ्यांची नावे नुकती पाठ झाली होती, याचे वाईट वाटले, पण थांबणे परवडणारे नव्हते.

पणजीकर
‘गावातलाच माणूस नेमा’ ही मागणी आता येथे होईल, म्हणून आधीच लिहितो. डाकसेवक हे नागरी पदावर (म्हणजे सरकारच्या अधीन असलेल्या पदावर) असतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला आहे. अशा पदांसाठी केवळ रहिवासाच्या कारणावरून कुणाला वगळणे राज्यघटनेच्या कलम १६ मध्ये बसत नाही. तशी अट घालण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे. दहावीपर्यंत स्थानिक भाषा शिकलेली असावी, एवढी अट आज आहे, पण मराठी शिकलेला उमेदवार नांदेडचा असो वा सावंतवाडीचा, तिच्यातून दोघेही सुटतात. शिवाय दोष एकट्या डाकसेवकांच्या भरतीचा नाही. १६ मे २००१ च्या केंद्रीय आदेशाने थेट भरतीच्या रिक्त पदांपैकी एक तृतीयांशच पदे, तीही एकूण संख्येच्या एक टक्क्याच्या मर्यादेत, भरायची असे ठरले. पुढे काही वर्षे हेच चालले आणि टपाल खात्यात पोस्टमन व कारकुनांची जी तूट पडली, तिचा भार खालच्या माणसांवर आला. माझ्या मते भत्ता आणि तास वाढवल्याशिवाय निवडीची पद्धत बदलून काही साधणार नाही.

कोयनाकाठ
सर्वांचे आभार. आमच्या बाईंना दोन्ही कामांचा संयुक्त भत्ता मिळतो का?

निवृत्त उपडाकपाल
सहकाऱ्याचे काम अंगावर घेतल्यास तो मिळतो, मात्र त्यासाठी नोंद हवी. ओव्हरसियर तपासणीला येतील तेव्हा पद कोणत्या तारखेपासून रिकामे आहे, हे त्यांना लेखी दाखवावे आणि त्याची प्रत विभागीय अधीक्षकांकडे पाठवावी. पुढच्या जाहिरातीसाठी रिक्त पदांची यादीही तिथूनच जाते.