मदत हवी आहे: अरबी समुद्राच्या क्लोरोफिल डेटातली पावसाळ्याची गॅप

नागपुरात एमएस्सीचा प्रोजेक्ट करून राहिलो आहे, रत्नागिरीसमोरच्या समुद्रातलं प्लवक (पाण्यातल्या तरंगत्या सूक्ष्म वनस्पती, त्यांचं प्रमाण क्लोरोफिल या हिरव्या रंगद्रव्यावरून काढतात) २००३ पासून २०२२ पर्यंत कसं बदललं ते बघायचंय. डेटा मोडिस-अ‍ॅक्वाचा (नासाच्या अ‍ॅक्वा सॅटेलाइटवरचा सेन्सर, समुद्राच्या रंगावरून क्लोरोफिल कळतं), ४ किमीच्या पिक्सेलचा, मंथली. अडचण अशी की जून ते सप्टेंबर ढगांमुळे सॅटेलाइटला समुद्राचा रंगच दिसत नाही, बहुतेक पिक्सेल रिकामे, आणि पश्चिम किनाऱ्यावर खालचं पोषक पाणी वर येतं ते नेमकं याच दिवसांत, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचाच भाग हातातून जातो, खूप वाईट वाटतं.

आधी महिन्याऐवजी आठ दिवसांचे कंपोझिट (तेवढ्या दिवसांची सरासरी) घेतले, गॅप आणखीच वाढली. साधं इंटरपोलेशन केलं तर जुलैचे आकडे मे आणि ऑक्टोबरच्या मधले निघाले, ते खोटेच. अनेक सॅटेलाइट एकत्र केलेला ओसी-सीसीआय डेटा पण बघितला, थोडा बरा आहे पण जुलै रिकामाच. किनाऱ्याजवळचे गढूळ पाण्याचे पिक्सेल आधीच काढलेत. पायथन येतं, लॅपटॉप ८ जीबीचा, बोटीवरून सँपल घेणं शक्य नाही.

आता डिनिऑफने (उपलब्ध डेटातल्या पॅटर्नवरून रिकामे पिक्सेल भरायची पद्धत) गॅप भरावी म्हणतो, पण जुलैचा जवळजवळ सगळा ग्रिडच रिकामा असेल तर ते चालतं का? की पावसाळा सोडून फक्त ऑक्टोबर ते मे चाच ट्रेंड काढू, आणि पावसाळ्यासाठी क्लोरोफिल मोजणाऱ्या आर्गो फ्लोटचे (समुद्रात आपोआप खाली-वर जाऊन मोजमाप करणारी तरंगती यंत्रं) प्रोफाइल, म्हणजे खोलीनुसारचे आकडे, वेगळे दाखवले तर परीक्षकांना पटेल का?