मदत हवी आहे: लेनर्ड निमॉय यांच्या स्पॉकचा तिसरा प्रसंग कोणता निवडावा?

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अंतराळ-विज्ञानकथेतील अर्धा परग्रहवासी असलेल्या स्पॉकची भूमिका १९६६च्या मालिकेपासून २०१३च्या चित्रपटापर्यंत साकारणाऱ्या लेनर्ड निमॉय यांच्या अभिनयावर मला आमच्या वाचनालयात अर्ध्या तासाचे भाषण द्यायचे आहे आणि दाखवण्यासाठी तीनच प्रसंग निवडण्याची मुभा आहे.

पहिला ठरला आहे. मालिकेच्या पहिल्या चाचणी भागात परग्रहावरची गुणगुणणारी पाने हाताने धरताना स्पॉक चक्क हसतो, कारण भावना आवरणारा स्पॉक तेव्हा अजून घडायचाच होता. दुसरा १९८२च्या चित्रपटातील मृत्यूचा. किरणोत्साराने होरपळलेला असतानाही मित्राला सामोरे जाण्यापूर्वी तो अंगावरचा गणवेश खाली ओढून नीट करतो, आणि ती एवढीशी हालचाल कितीही वेळा पाहिली तरी मला गलबलून येते.

अडचण तिसऱ्याची आहे. निमॉय यांनी स्वतः दिग्दर्शित केलेल्या १९८६च्या चित्रपटातला, मृत्यूनंतर पुन्हा जिवंत होऊन माणसांत वावरायला नव्याने शिकणारा स्पॉक दाखवावा, की २००९च्या चित्रपटात भविष्यातून मागे आलेला वृद्ध स्पॉक तरुण स्पॉकला भेटतो तो प्रसंग घ्यावा? मूळ मालिका न पाहिलेल्या श्रोत्यांना यांपैकी कोणता अधिक भिडेल, हे जाणकारांनी कारणासह सांगितल्यास मी मनापासून ऋणी राहीन.